थोरलीच्या मागच्या सीटवर

मुलांनो, डोळे मिटा आणि समजा, तुम्ही एका छोट्या गाडीच्या मागच्या सीटवर बसला आहात. पुढे कुणीतरी बटण दाबतं. आता इंजिन घुरघुरेल म्हणून तुम्ही वाट पाहता, पण काहीच ऐकू येत नाही. आणि तरी गाडी निघालेली असते! खिडकीबाहेरचा दिव्याचा खांब हळूच मागे सरकतो. जरा वेग आला की उचकी लागल्यासारखा एक धक्का बसतो आणि मग कुठे इंजिनाचा आवाज सुरू होतो. म्हणजे आधी विजेची मोटर, मग पेट्रोलचं इंजिन. कधी ही, कधी ते, कधी दोघं मिळून. अशा गाडीला हायब्रिड म्हणतात.

पण गाडीला तर कुठे तार लावलेली नाही. मग वीज आली कुठून? सायकलवरून उतारावर येताना तुम्ही ब्रेक दाबता, तेव्हा ब्रेकचं रबर तापतं. तुमचा वेग उष्णता होऊन हवेत उडून जातो, फुकट. या गाडीत तो फुकट जाऊ देत नाहीत. ब्रेक दाबला की चाकंच मोटरला फिरवतात, मोटर वीज तयार करते आणि ती वीज तुमच्या पाठीमागे, सीटच्या आड उभ्या असलेल्या बॅटरीत जाऊन बसते. वीज घेता-देता बॅटरी तापते, तुम्ही धावून आल्यावर तापता तशीच, आणि तिलाही मग वारा लागतो. म्हणून सीटच्या कडेला, बसणाऱ्याच्या कोपराजवळ, एक जाळी आहे. तिच्यासमोर तळहात धरून बघा. हवा बाहेर येत नाही, आत ओढली जाते. आत एक छोटा पंखा आहे. तुम्ही ज्या गार हवेत बसला आहात, तीच हवा तो बॅटरीला पाजतो.

कळलं? मग आता डोळे उघडा आणि जरा बाजूला सरका, कारण ही जागा भिंगरीची आहे.

भिंगरीला भिंगरी म्हणायचे, कारण ती एका जागी टिकत नसे. जेवताना पाय हलायचे, अभ्यास करताना खुर्ची डुलायची. तिची आई गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर होती, आणि मघाशी आपण पाहिलेली जाळी, पंखा आणि बॅटरीपर्यंत जाणारी हवेची नळी, हे सगळं तिच्या आईचं काम होतं. ती गाडी पहिल्यांदा बनली तेव्हा आई नुकतीच नोकरीला लागली होती. सगळे म्हणत होते की बॅटरी गार ठेवायला पाणी खेळवावं लागेल. आई म्हणाली, "जी हवा माणसाला सोसते, ती बॅटरीलाही सोसेल." आणि खरंच सोसली.

त्या गाडीच्या आतापर्यंत तीन पिढ्या झाल्या होत्या. कारखान्यातले लोक त्यांना घरच्या लेकींसारखी नावं देत. पहिली ती थोरली. ती गोल डोळ्यांची, आखूड नाकाची होती, आणि बॅटरी एवढी उंच की मागच्या डिकीतली निम्मी जागा तीच खाऊन बसलेली. दुसरी ती मधली. तिची पाठ उतरती केली, म्हणजे वारा अडत नाही. तिची बॅटरी लहान झाली आणि ती उचकीही गेली. पण मधली इतकी मुकाट चालायची की रस्त्यात काठी टेकत चालणाऱ्या अंध माणसांना ती आल्याचं कळतच नसे. म्हणून तिसरीला, म्हणजे धाकटीला, हळू चालताना गुणगुणायला शिकवलं. आणि आता चौथी यायची होती. तिला नाव होतं शेंडेफळ. तिची बॅटरी चपटी करून मागच्या सीटच्या खाली सरकवायची होती.

कारखान्यात एक रीत होती. ज्यांनी थोरली बनवली, त्या प्रत्येकाने एक थोरली घरी न्यायची आणि रोज वापरायची. पाहुण्यासारखी जपून नाही, घरच्यासारखी. पोरं, पिशव्या, सांडलवंड, सगळं चालेल. वर्षातून एकदा ती गाडी कारखान्यात आणायची, सगळ्यांसमोर बॅटरी उघडायची, आणि ज्याचं काम त्याने गाडीच्या शेजारी उभं राहून तिचे दोष आपल्या तोंडाने सांगायचे. दुसऱ्या कुणी नाही, आपणच. या दिवसाला उघडणी म्हणत. घरच्यांनाही बोलावत, कारण गाडी त्यांनीही वापरलेली असे.

म्हणून भिंगरीची आई रोज थोरलीतून भिंगरीला शाळेत सोडायची. इतर मुलांच्या गाड्या नव्या, चकाकत्या. थोरलीचा रंग उडाला होता आणि एका दाराचा रंग दुसऱ्या दाराशी जुळत नव्हता.

"ए, बेडूक आला बेडूक!" वर्गाची मॉनिटर एकदा फाटकाशी ओरडली. "भिंगरे, तुमच्या बेडकाला पेट्रोल घालता की माश्या?"

सगळे हसले. भिंगरीही हसली, कारण न हसणं आणखी वाईट दिसलं असतं.

"माझ्या काकांनी धाकटी घेतली," मॉनिटर म्हणाली. "तुझी आई तिथेच कामाला आहे ना? मग तिला नवी का नाही देत? काढून टाकलं का तिला?"

भिंगरीला रीत समजावून सांगता आली असती. पण ते लांबलचक होतं, आणि समोर सगळे तोंडाकडे बघत होते. ती पटकन म्हणाली, "ही आमची नाहीच मुळी. शेजाऱ्यांची आहे. आमची दुरुस्तीला टाकलीय."

एवढंसं वाक्य. पण खोटं बोललं की त्याला रोज खाऊ घालावं लागतं. आठवड्याभराने भिंगरी कंपासपेटी घरी विसरली आणि आई ती द्यायला फाटकातून आत आली. अंगात कारखान्याचा निळा डगला, बाहीवर ग्रीसचा डाग.

"धांदरट कुठली!" आई कंपासपेटी देत म्हणाली आणि वळून निघाली.

"कोण गं त्या?" मॉनिटरने विचारलं.

गाडी शेजाऱ्यांची, मग गाडी चालवणारी कोण? भिंगरीच्या तोंडून आपोआप निघालं, "शेजारच्या काकू."

आई तेव्हा फार लांब गेली नव्हती. पण तिने मागे वळून पाहिलं नाही. तिला ऐकू गेलंच नाही, असं भिंगरीने स्वतःला बजावलं.

त्या दिवसापासून भिंगरी पुढच्या सीटवर बसेनाशी झाली. "आई, मला झोप येते," असं म्हणून ती मागच्या सीटवर आडवी व्हायची, म्हणजे रस्त्यावरून कुणाला दिसायला नको. शाळा जवळ आली की कोपऱ्यावरच उतरायची. कोपऱ्यावरून वर्ग लवकर गाठता येतो, असं तिने आईला सांगितलं होतं, आणि आईने "बरं" म्हटलं होतं. येताना पुन्हा तसंच. आडवं झालं की डोकं नेमकं त्या जाळीपाशी यायचं. जाळीतून पंख्याचा घर्र आवाज यायचा. तो कानाला नको वाटला म्हणून तिने एक उशी आणली आणि जाळीला टेकवून ठेवली. काही दिवसांनी पंखा जास्तच घरघरायला लागला. मग भिंगरीने उशी जास्त दाबून बसवली आणि वर डोकं रेलून दिलं. उतरताना उशी दप्तराच्या मोठ्या कप्प्यात. वर्गात ती उशी नाही, गुंडाळलेला स्वेटर आहे, असं सांगायचं.

बघा हं, पंखा का ओरडत होता ते तुमच्या लक्षात आलं असेल. भिंगरीच्या नाही आलं. ती फक्त लपत होती.

उघडणीचा दिवस आला.

कारखान्याच्या मोठ्या दालनात तिन्ही बहिणी ओळीने उभ्या होत्या आणि शेजारी शेंडेफळाचा नुसता सांगाडा, ज्याला अजून दारं नव्हती. माणसं, मुलं, चहाचे कप. मुख्य इंजिनियर बाई टेबलाला टेकून उभ्या होत्या. त्यांच्या बाजूला पाणीवाले काका. त्यांचं खरं काम पंप आणि नळ्यांचं, आणि हवा की पाणी या वादात ते कायम पाण्याच्या बाजूने, म्हणून ते नाव.

आज नुसती उघडणी नव्हती. शेंडेफळात आईची हवेची नळी ठेवायची की पाणी खेळवायचं, हे आज ठरणार होतं. पाणी म्हणजे पंप आला, नळ्या आल्या, वजन आलं. मागची सीट वर उचलावी लागणार आणि छोटी गाडी छोटी राहणार नाही. पण थोरलीची बॅटरी धड निघाली नाही, तर दुसरा इलाज नव्हता.

आईच्या थोरलीची बॅटरी बाहेर काढून टेबलावर ठेवली. मिस्त्र्याने एकेका भागाला तारा लावल्या. भिंगरी पहिल्या रांगेत उभी होती. आईने यंत्रावरचे आकडे वाचले आणि हातातल्या स्वच्छ फडक्याला हात पुसत राहिली. नंतर गाडीच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"गेल्या वर्षापर्यंत बॅटरी चांगली होती," ती म्हणाली. "या वर्षी निम्म्याहून जास्त भाग थकलेत. उष्णतेने. पंखा रोज सकाळी आणि दुपारी पूर्ण जोरात फिरलाय, तरी बॅटरी गार झाली नाही."

"जाळीत कचरा?" बाईंनी विचारलं.

"नाही. मी स्वतः बघते. जाळी स्वच्छ आहे. रिकामी गाडी उभी करून पंखा चालवला तर हवा नीट ओढते."

"जाळीवर कुणी काही ठेवत असेल?"

"पुढे मी असते. मागे फक्त मुलगी झोपते." आई थांबली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "मला वाटतं, नळीच मुळात अपुरी आहे. माझा अंदाज चुकला. हवा पुरेल असं मी म्हणाले होते, आणि तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवून तीन गाड्या बनवल्या. शेंडेफळात पाणीच घाला."

पाणीवाले काका एरवी चिडवायचे, "काय वाराबाई, आज कुठल्या दिशेने वाहताय?" आज ते काही बोलले नाहीत. चिडवणारा माणूस गप्प बसला की ते जास्त लागतं.

सकाळी आणि दुपारी. पूर्ण जोरात. तिला तो घर्र आवाज आठवला आणि आपण उशी कशी दाबली तेही. तिने आईकडे पाहिलं. आई इतक्या माणसांमध्ये, आपण न केलेल्या चुकीसाठी, मान खाली घालून उभी होती.

भिंगरी गुपचूप मागे सरकली आणि धाकटीच्या दारात जाऊन बसली. सांगायचं तरी काय? "मी उशी ठेवली," एवढं सांगणं सोपं होतं. पण पुढचा प्रश्न ठरलेला होता. झोप येत होती म्हणून, असंही म्हणता आलं असतं. लहान मुलांना झोप येतेच. सगळे हसले असते आणि विषय संपला असता. पण आई ज्या जागी उभी राहून खरं बोलली, तिथे जाऊन निम्मंच खरं बोलायचं?

बाई म्हणत होत्या, "मग ठरवायचं का? पाणी."

"थांबा!" भिंगरी ओरडली. आवाज इतका चिरका निघाला की एक लहान मूल रडायला लागलं.

ती थोरलीच्या शेजारी, आईपासून दोन हात अंतरावर जाऊन उभी राहिली. "मी उशी ठेवत होते. जाळीवर. रोज."

"अगं, काय बोलतेस?" आई म्हणाली. "कुठली उशी?"

"ती बदामी. तू मागे बघायच्या आधीच मी दप्तरात घालायचे. पंखा ओरडायचा म्हणून मी आणखी दाबायचे."

दालनात कुजबुज झाली. पाणीवाल्या काकांनी कप खाली ठेवला. "एवढी दाबून कशाला गं बाळ? मान नाही दुखली?"

"लपायला."

"कुणापासून?" बाईंनी विचारलं. आवाज रागाचा नव्हता, आणि त्यामुळेच उत्तर देणं अवघड झालं.

भिंगरीने ओळीतल्या माणसांकडे पाहिलं. यांनीच थोरली बनवली होती. कुणी तिचं दार बनवलं, कुणी तिचे गोल दिवे. "मला हिची लाज वाटायची," ती म्हणाली. "शाळेत हिला बेडूक म्हणतात. मी सांगितलं, ही शेजाऱ्यांची आहे." पुढचं वाक्य तिने बुटांकडे बघत म्हटलं. "आणि आई शेजारच्या काकू आहे, असं सांगितलं."

कुणीही हसलं नाही. गोल दिवे बनवणारे आजोबा चष्मा पुसायला लागले. आईने फडक्याची घडी घातली, ती उलगडली आणि पुन्हा घातली.

बाई नुसत्या शब्दावर विसंबणाऱ्या नव्हत्या. त्यांनी दुसरी थोरली मागवली, मागच्या जाळीवर एक उशी दाबून ठेवायला लावली आणि गाडी आवारात फिरवून आणली. पंखा ओरडला. बॅटरी तापली. नेमके तेच भाग तापले, जे आईच्या गाडीत थकले होते.

"नळी पुरेशी आहे," बाई म्हणाल्या. "पण घरात पोरं असतात आणि पोरांकडे उशा असतात. घरच्यासारखी वापरा, असं आपणच सांगितलं होतं ना? एका उशीने घुसमटते ती जाळी चुकलीच."

"शेंडेफळाची जाळी तर सीटच्या पायथ्याशी आहे," पाणीवाले काका म्हणाले. "तिथे तर लोक पिशव्याच ठेवणार."

"मग दोन्ही बाजूंना एकेक जाळी," आई हळूच म्हणाली. तिच्यातली इंजिनियर बाकीच्या आईच्या आधी सावरली. "आणि जाळीवर उंच पट्ट्या बसवायच्या, म्हणजे उशी टेकली तरी फटीतून हवा जाईल. आणि पंखा फार वेळ ओरडला, तर पुढे चालवणाऱ्याला दिवा दिसायला हवा."

"काढ चित्र," बाई म्हणाल्या. "पुढच्या उघडणीपर्यंत पाण्याचं राहू दे."

सगळे शेंडेफळाच्या सांगाड्याभोवती जमले. भिंगरीला कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. जाळीला पट्ट्या बसवता येतात, पण "शेजारच्या काकू" या शब्दांचं काय करायचं, ते तिथल्या कुठल्याच टेबलावर ठरणार नव्हतं.

संध्याकाळी थोरलीत जुनीच बॅटरी पुन्हा बसवून त्या घरी निघाल्या. भिंगरी पुढे बसली.

"आई, तू चिडलीस?"

"बॅटरीसाठी नाही."

थोड्या वेळाने आई म्हणाली, "ते काकूंचं मी त्याच दिवशी ऐकलं होतं."

भिंगरीला खिडकीबाहेर उडी मारावीशी वाटली. "मग बोलली का नाहीस?"

"मलाही लाजच वाटली. वाटलं, डगला काढून यायला हवं होतं. तू मागे झोपत नाहीस, लपतेस, हेही कळत होतं. विचारलं असतं तर उशी दिसली असती." आईने सिग्नलला ब्रेक दाबला. गाडी हळूहळू थांबली. "तुझी एकटीची चूक नाही, भिंगरे. पण लागलं मला. खोटं का सांगू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने डगला घातला नाही. तो घडी करून मागे ठेवला. शाळेचा कोपरा आला तशी गाडी कडेला घेतली. "इथे उतर. कोपऱ्यावरच बरं पडेल तुला."

आई टोमणा मारत नव्हती. खरंच, लेकीला बरं पडावं म्हणून म्हणत होती. भिंगरीला ते टोमण्यापेक्षा जड गेलं. ती उतरली नाही.

"अगं, उशीर होईल."

"फाटकापर्यंत चल."

"नक्की?"

"चल ना."

थोरली आवाज न करता फाटकापाशी गेली. मॉनिटर तिथेच उभी होती, दोन मैत्रिणींबरोबर. "काय गं," ती म्हणाली, "शेजाऱ्यांची गाडी अजून परत नाही दिली वाटतं?"

लाज गेली नव्हती. काल एवढ्या लोकांसमोर बोलूनही ती तिथेच होती, जशीच्या तशी. फक्त आता ती गाडीची नव्हती. भिंगरी उतरली, मागचं दार उघडून निळा डगला घेतला, गाडीला वळसा घालून गेली आणि चालवणाऱ्याच्या बाजूचं दार उघडलं.

"आई," ती मोठ्याने म्हणाली, फाटकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, "हा घाल आणि दोन मिनिटं माझ्याबरोबर ये."